व्हिएतनाममधून मसाला आणायचाय? पहिल्या कंटेनरआधी एवढं वाचा

वाशीच्या मसाला बाजारात चक्रीफुलाचं पोतं उघडलं, तर ते बहुतेक वेळा व्हिएतनामहून आलेलं असतं. गोड्या मसाल्यातलं बाद्यान तेच, आणि किराणा दुकानात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, तिखट-गोड सालही बरीचशी तिथलीच. साहजिकच बाजारात उमेदवारी करणाऱ्या पोरांच्या मनात येतं की मधले दोन-तीन हात काढून थेट तिथूनच आणलं तर? आणता येतं. त्यासाठी मोठं भांडवल किंवा इंग्रजी लागतंच असं नाही. पण तो देश कसा चालतो हे माहीत हवं, नाहीतर दोन रुपये वाचवायला जाऊन पहिल्याच खेपेत चार गमावून बसाल.

सुरुवात देशापासून

1986 च्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात ‘दोई मोई’ म्हणजे सुधारणांचं धोरण ठरलं आणि खाजगी धंद्याला वाट मोकळी झाली. 1995 मध्ये आसियानचं सदस्यत्व मिळालं, जानेवारी 2007 मध्ये जागतिक व्यापार संघटनेचं. आज लोकसंख्या दहा कोटींच्या घरात आहे आणि 2024 मध्ये निर्यात 400 अब्ज डॉलरच्या वर गेली. पक्ष मात्र एकच आहे. जमीन कायद्याने साऱ्या जनतेच्या मालकीची आणि सरकारच्या ताब्यातली, लोकांकडे असतो तो फक्त वापराचा हक्क.

या आकड्यांनी हुरळून जाऊ नका. निर्यातीचा फार मोठा वाटा परदेशी भांडवलाच्या कंपन्यांचा आहे. सॅमसंगचे बाक निन्ह आणि थाय न्गुयेनमधले फोनचे कारखाने हा एक व्हिएतनाम. आपला संबंध येतो तो दुसऱ्याशी. नवरा-बायको, मेहुणा आणि एक इंग्रजी बोलणारी सेल्सची मुलगी, एवढ्यांवर चाललेली निर्यात कंपनी आणि तिच्यामागे डोंगरातून माल गोळा करणारे फिरते व्यापारी. हे जग वाशीला बरंच जवळचं आहे. शब्दावर चालतं, ओळखीवर चालतं, आणि भाव सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा.

कुठला माल, कुठून

चक्रीफूल उत्तरेचं. चीनच्या सीमेला लागून असलेला लांग सोन प्रांत त्याचं माहेर, शेजारच्या काओ बांगमध्येही झाडं आहेत. ते पिकवतात मुख्यतः ताय आणि नुंग समाजाचे लोक. साल येते येन बायच्या डोंगरातून, जिथे दाव समाजाच्या घराघरात सालीची झाडं असतात, आणि मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग नामच्या चा मी भागातून. काळी मिरी दक्षिणेकडच्या पठारावर, डाक लाक, जा लाय या भागांत.

मिरीच्या नादाला नवख्याने लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिएतनाम मिरीत जगात पहिला, भावही मोहात पाडणारे. पण भारताने डिसेंबर 2017 मध्ये मिरीच्या आयातीवर किलोला 500 रुपये किमान किंमत लावली. त्याखालचा माल सरळ मार्गाने आणता येत नाही, आणि आडमार्गाने आणणारे डीआरआयच्या (महसूल गुप्तचर खात्याच्या) धाडीत कसे सापडतात हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे.

पत्त्यांबाबत एक नवी भानगड आहे. 1 जुलै 2025 पासून तिथे 63 प्रांतांचे 34 झाले आणि मधली जिल्ह्याची पायरीच काढून टाकली. येन बाय आता लाओ काय प्रांतात गेलं, क्वांग नाम दा नांगमध्ये, बिन्ह फुओक डाँग नायमध्ये. लांग सोन आणि काओ बांग मात्र जसेच्या तसे राहिले. त्यामुळे जुन्या व्हिजिटिंग कार्डावर एक पत्ता आणि नव्या इन्व्हॉइसवर दुसरा, असं दिसलं तर लगेच घाबरू नका. जुनं आणि नवं दोन्ही लिहून घ्या आणि बँकेच्या व आयातीच्या सगळ्या कागदांवर एकच राहील हे बघा.

पार्टी तपासणं

इंटरनेटवरच्या बाजारपेठांत शंभर नावं मिळतील. त्यातली तीन-चार निवडा आणि प्रत्येकाकडे पहिली मागणी एकच करा, कंपनीचा टॅक्स कोड. तो दहा आकडी असतो आणि तोच कंपनीचा नोंदणी क्रमांकही असतो. तो देशाच्या उद्योग नोंदणी पोर्टलवर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, ती चालू आहे की बंद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिचा कायदेशीर प्रतिनिधी कोण, हे कळतं. हा शेवटचा मुद्दा वहीत लिहून ठेवा. व्हिएतनाममध्ये कंपनीला बांधून घेणारी सही त्या माणसाची. तुमच्याशी रोज बोलणारी सेल्सची मुलगी, तिचा मॅनेजर, मालकाचा मेहुणा यांच्या सहीला लेखी अधिकारपत्राशिवाय फारशी किंमत नाही.

कंपनीची नावं दोन असतात, एक व्हिएतनामी आणि एक इंग्रजी. बँकेचं खातं कंपनीच्याच नावाचं हवं. ‘डिरेक्टरच्या खात्यात टाका, लवकर होईल’ असं कोणी म्हटलं तर तिथेच थांबा. आणि सौदा अर्ध्यावर असताना ‘आमचा बँक अकाउंट बदललाय’ असा मेल आला, तर मेलला उत्तर न देता व्हिडिओ कॉल लावा. हॅक झालेल्या मेलवरून असे पैसे लंपास होणं ही मसाल्याच्या धंद्यात नवी गोष्ट नाही.

बोलण्यासाठी ‘झालो’ हे ॲप फोनवर घ्या. तिथे धंदा त्यावरच चालतो. व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप दोन दिवस पडून राहतो, झालोवर दहा मिनिटांत उत्तर येतं, तेही मालाच्या फोटोसकट.

एकदा स्वतः जाऊन या

नमुना कुरिअरने येतोच, पण पहिल्या कंटेनरआधी जाऊन या. भारतीयांना 90 दिवसांचा ई-व्हिसा मिळतो. एका प्रवेशासाठी 25 डॉलर, अनेक प्रवेशांसाठी 50. मुंबईहून थेट विमानं आहेत. चक्रीफूल-सालीसाठी हनोईला उतरा, हो ची मिन्ह सिटीला नव्हे. हे सांगायचं कारण असं की स्वस्त तिकीट बघून दक्षिणेत उतरणारे आणि मग पुन्हा विमानाने उत्तरेत जाणारे बरेच भेटतात.

लांग सोनच्या एखाद्या वखारीत गेलात की घाई करू नका. अंगणात ताडपत्र्यांवर माल पसरलेला असतो, बाजूला बायका उकिडव्या बसून निवडत असतात. पूर्ण आठ पाकळ्यांचं फूल एकीकडे, तुटलेलं दुसरीकडे, देठ आणि कचरा तिसरीकडे. मूठभर उचला. पाकळी मोडून बघा. वाळलेली असेल तर कट् असा आवाज येतो, ओली असेल तर वाकते. फोडलेल्या पाकळीत बी तकतकीत हवं. मग नाकाशी धरा. रंग अगदी लालचुटूक आणि वास नाकाला आंबट-झोंबणारा असेल, तर गंधकाची धुरी दिलेली आहे असं समजा. उन्हात वाळलेला माल लालसर तपकिरी असतो, भट्टीवर वाळवलेला काळपट. तिघांचे भाव वेगळे आणि गिऱ्हाईकही वेगळं. देठ वजनात किती येतात हे तिथेच ठरवून टाका, नाहीतर वाशीत ते तुमच्या पदरात पडतील. आणखी एक, चक्रीफूल वजनाला हलकं आणि जागा खाणारं. कंटेनर भरतो पण टन कमी बसतात, म्हणून किलोमागे भाडं किती पडतं याचा हिशेब भाव पक्का करण्याआधी करा.

सालीत ‘स्प्लिट’, ‘ब्रोकन’, ‘सिगारेट’ अशी वर्गवारी असते. शब्दांवर विसंबू नका, लांबी, जाडी, ओलावा आणि तेलाचं प्रमाण करारात आकड्यांत लिहून घ्या. शक्य असेल तर लोडिंगच्या वेळी तपासणी कंपनीचा माणूस उभा करा. त्याची फी एका खराब कंटेनरपुढे काहीच नाही.

बसणं-उठणं

व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या आणि घेतल्यावर वाचा, तसंच खिशात कोंबू नका. नावात आडनाव आधी येतं आणि हाक शेवटच्या शब्दाने मारतात. नुयेन वान हुंग असेल तर ‘मिस्टर हुंग’. ‘मिस्टर नुयेन’ म्हटलंत तर खोलीतले तीन-चार जण वळून बघतील, कारण निम्मा देश नुयेनच आहे असं वाटावं इतकं ते नाव पसरलेलं आहे.

पहिल्या दहा मिनिटांत तुमचं वय, लग्न, मुलं सगळं विचारलं जाईल. भोचकपणा समजू नका. तुम्हाला दादा म्हणायचं, काका म्हणायचं की धाकटा भाऊ, हे ठरल्याशिवाय त्यांना वाक्यच पुरं करता येत नाही. वयाने मोठ्या पुरुषाला ‘आन्ह’, बाईला ‘ची’ म्हणा, वातावरण लगेच सैल होतं. चहा आला की आधी तो प्या. भाव दुसऱ्या कपानंतर.

कामाचा दिवस लवकर सुरू होतो, साडेसात-आठला. साडेअकराला जेवण, आणि त्यानंतर ऑफिसात दिवे बंद करून लोक चक्क टेबलाखाली चटई टाकून झोपतात. दुपारी बारा ते दीड फोन करणाऱ्याचं नाव खराब होतं.

शाकाहाऱ्यांनी ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करावेत. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच बौद्ध शाकाहार करतात, त्यामुळे ‘चाय’ पाटीची हॉटेलं गावोगावी सापडतात. साध्या हॉटेलात ‘मांस नको’ म्हटलं तर भाजी येईल खरी, पण माशांच्या सॉसमध्ये परतलेली.

संध्याकाळी जेवणाचं बोलावणं आलं की ते टाळू नका, खरी बोलणी पुष्कळदा तिथेच होतात. ‘मोत, हाय, बा’ असं एक-दोन-तीन मोजून ग्लास उंचावतात. पीत नसाल तर सुरुवातीलाच सांगा, तब्येतीचं किंवा धर्माचं कारण लगेच मान्य होतं. मध्येच थांबणं जास्त वाईट दिसतं. 2020 पासून तिथे दारू पिऊन गाडी चालवण्याला शून्य सूट आहे, त्यामुळे यजमान सोडायला आला नाही तर राग मानू नका. ग्रॅब ही ॲपवरची टॅक्सी मागवा.

भाव करताना

तिथलं चलन डाँग, आणि त्यात शून्यं फार. सगळ्यात मोठी नोट पाच लाखांची आणि 20 हजारांची नोटही जवळपास त्याच निळसर छटेची, अंधारात टॅक्सीवाल्याला देताना दोनदा बघा. बोलताना ‘पन्नास’ म्हणजे 50 हजार. देशातल्या देशात डॉलरमध्ये भाव लावायला कायद्याने बंदी आहे, निर्यातीचा करार मात्र डॉलरमध्येच होतो.

टिंबा-स्वल्पविरामाचा घोळ याहून धोकादायक. तिथे हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. आपलं 2,500 ते 2.500 असं लिहितात. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर (माल निघण्याआधीच्या कच्च्या बिलावर) वजन आणि दर अक्षरांतही लिहून घ्या. ‘2,5’ टक्के ओलावा की 25, यावर कंटेनर पोचल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

दिलेला भाव किती दिवस टिकणार ते विचारा. आठवडा म्हणाले तर खूप. चक्रीफुलाचा भाव भारत आणि चीन या दोघांच्या खरेदीवर नाचतो. चिनी व्यापारी सीमेवर रोख घेऊन उभा असला तर तुमचा ‘पक्का’ माल त्याच्याकडे वळू शकतो. म्हणून तोंडी भावावर इकडच्या गिऱ्हाइकाला शब्द देऊ नका.

आणि प्रश्न विचारण्याची पद्धत बदला. ‘शुक्रवारपर्यंत लोड होईल ना?’ या प्रश्नाला समोरचा हो म्हणणारच, कारण पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं तिथे उद्धटपणा आहे. त्याऐवजी ‘आज वखारीत किती बॅगा भरून झाल्या? फोटो पाठवा’ असं विचारा. आवाज चढवू नका, विशेषतः मालकाच्या कामगारांदेखत तर मुळीच नाही. एकदा त्याची मान खाली गेली की भाव मिळेल, माल मिळेल, पण पुढच्या टंचाईत तुमचा नंबर शेवटचा लागेल.

सही आणि शिक्का

करार दोन भाषांत करा, इंग्रजी आणि व्हिएतनामी, आणि मतभेद झाल्यास कुठली प्रत धरायची ते त्यातच लिहा. सही कायदेशीर प्रतिनिधीची, पोर्टलवर दिसलेल्याच माणसाची. तिच्यावर गोल लाल शिक्का. 2021 पासून लागू झालेल्या उद्योग कायद्याने शिक्का कसा असावा, किती असावेत हे कंपन्यांवरच सोडलं आहे, तरी व्यवहारात त्याचं वजन तसूभरही कमी झालेलं नाही. शिक्का मारण्याची रीतही ठरलेली, सहीच्या डाव्या बाजूला, सुमारे एक तृतीयांश सही झाकेल असा. करार अनेक पानी असेल तर पानं पंख्यासारखी सरकवून कडेवर एक आडवा शिक्का मारतात, म्हणजे मधलं पान बदलता येत नाही. हा कडेचा शिक्का मागून घ्या. मागितलात की समोरच्याला कळतं की हा गिऱ्हाईक अगदीच नवखा नाही.

वादासाठी लवादाचं कलम हवंच. हनोईच्या व्हिएतनाम इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरचं किंवा सिंगापूरचं नाव घाला. व्हिएतनाम 1995 पासून न्यूयॉर्क करारात आहे, त्यामुळे परदेशी लवादाचा निवाडा तिथे मांडता येतो. मुंबईच्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन लांग सोनला गेलात तर फार काही हाती लागणार नाही.

पैसे

नवख्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता बहुधा 30 टक्के ॲडव्हान्स आणि उरलेले पैसे बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) स्कॅन प्रत दाखवल्यावर, असं मागतो. आपल्याला आवडणारी पद्धत म्हणजे कागद बँकेतून, पैसे भरा आणि कागद सोडवा. त्याला ते चटकन तयार होत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे. 2022 च्या सुरुवातीला इटलीला निघालेल्या काजूच्या सुमारे 100 कंटेनरच्या सौद्यांत त्यांच्या निर्यातदारांना याच पद्धतीत गंडा घातला गेला, अनेक कंटेनरांचे मूळ कागद वाटेतच भलत्याच हातात पडले. प्रकरण सरकारी पातळीवर गेलं आणि बराच माल वाचला, पण धसका कायम आहे. म्हणजे तुम्ही त्यांना घाबरता तितकेच ते तुम्हाला घाबरतात. पहिल्या खेपेला एलसी (बँकेचं पैशांच्या हमीचं पत्र) उघडा, खर्च जास्त झाला तरी चालेल. दोन-तीन खेपा सुरळीत गेल्या की अटी आपोआप सैल होतात. ॲडव्हान्स पाठवलात तर माल आल्यावर बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडचा आयातीचा कागद) बँकेत जोडायला विसरू नका, नाहीतर पुढचे पैसे अडकतात.

कागदपत्रं

इकडचे आयईसी (आयात-निर्यातीचा कोड), एफएसएसएआयचा म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आयात परवाना, प्लांट क्वारंटाइनचा परमिट हे माल निघण्याआधी हातात हवेत. तिकडून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), फ्युमिगेशनचा म्हणजे कीडनाशक धुरीचा दाखला आणि ड्युटीतली सवलत हवी असेल तर आसियान-भारत कराराचा ‘फॉर्म एआय’. नुसता फॉर्म मात्र पुरत नाही. सप्टेंबर 2020 पासूनच्या नियमांनुसार माल खरंच तिथेच पिकला याची माहिती आयातदाराने स्वतःकडे ठेवायची असते, आणि कस्टम्सने मागितली की द्यायची असते. लांग सोन सीमेवरच आहे, पलीकडे चीनमध्येही चक्रीफूल पिकतं, तेव्हा हा प्रश्न येणारच. माल कुठल्या गावांतून घेतला ते विक्रेत्याकडून आधीच लिहून घ्या. आणि सालीवर ‘दालचिनी’ लिहू नका. अन्न नियमांत तज आणि दालचिनी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, व्हिएतनामहून येते ती तज. न्हावा शेव्याला लेबलावरून कंटेनर अडकला की डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याच्या भाड्याचं, मीटर रोज पळतं.

तेतचं गणित

चांद्र नववर्ष, ‘तेत’, 2026 मध्ये 17 फेब्रुवारीला आणि 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला. सरकारी सुट्टी आठवडाभराची, पण वखारी सुमारे तीन आठवडे ओस पडतात. कामगार गावी जातात आणि काही परत येतच नाहीत. त्याआधीच्या महिन्यात प्रत्येकाला माल काढायचा असतो, ट्रक मिळत नाहीत, जहाजांवर जागा नसते. तुमची ऑर्डर किमान सहा आठवडे आधी पक्की हवी. देणी-घेणी वर्ष संपण्याआधी चुकती करायची रीत आहे, तेव्हा तुमच्याकडे त्यांचं काही बाकी असेल तर आधीच पाठवून द्या. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत वसुलीचा मेल पाठवणं मात्र अपशकुनी मानतात. त्या काळात प्रत्यक्ष गेलात तर लाल पाकिटांत थोड्या कोऱ्या नोटा घेऊन जा, मालकाच्या मुलांसाठी. रक्कम किरकोळ चालते, नोट चुरगळलेली चालत नाही.

कंटेनर आल्यावर

सील तोडताना व्हिडिओ काढा, पहिल्या वीस बॅगा वजनकाट्यावर घ्या, ओलावा मोजा. घट किंवा खराबी निघाली तर करारात तक्रारीची जी मुदत असेल तिच्या आत लेखी कळवा, पण भाषा वकिलाची नको. आधी झालोवर त्या सेल्सच्या मुलीला फोटो पाठवा आणि विचारा, ‘हे कसं करूया?’ ती मालकाशी बोलेल. रोख परतावा मिळणं अवघड असतं. पुढच्या लॉटमध्ये टनामागे सूट मिळते, आणि ती देताना मालकाचा मानही राहतो. ती सूट मात्र क्रेडिट नोटवर लिहून घ्या, त्याच माणसाच्या सहीने आणि त्याच लाल शिक्क्याने.